क्रोममध्ये दिसते, आयफोनवर गायब!

प्रश्न : आमच्या होमस्टेची मराठी वेबसाइट मी स्वतः बनवली. क्रोममध्ये ती छान दिसते, पण आयफोनवर तळाचे ‘बुकिंग करा’ बटण दिसतच नाही. आता प्रत्येक ब्राउझरमध्ये तपासत बसायचे का?

उत्तर : नाही. ब्राउझर ढीगभर असले तरी पान प्रत्यक्ष दाखवणारी इंजिने मुख्यतः तीनच. क्रोम, ओपेरा आणि २०२० पासून एजसुद्धा ब्लिंकवर चालतात. फायरफॉक्स गेकोवर, सफारी वेबकिटवर. आपल्याकडच्या आयफोनवरचे क्रोमही आतून वेबकिटच असते. म्हणून संगणकावरील क्रोमच्या मोबाइल-दृश्यावर विसंबू नका. तिथे स्क्रीनचा आकार बदलतो, इंजिन नाही.

तुमच्या बटणाचा घोळ बहुधा सीएसएसमधल्या ‘१००व्हीएच’ उंचीचा असावा. सफारी ही उंची ॲड्रेस बार आक्रसलेला आहे असे धरून मोजते. बार पूर्ण दिसत असला की पानाचा तळ झाकला जातो. व्हीएचची ओळ जुन्या फोनसाठी राहू द्या आणि तिच्याखाली ‘१००डीव्हीएच’ लिहा. सफारी १५.४ पासून ते चालते.

सफारीत तपासायला मॅक नसेल तर प्लेराइट या मोफत साधनातले वेबकिट विंडोजवरही चालवता येते. पण ॲड्रेस बारची ही अडचण त्यात दिसणार नाही, त्यासाठी कुणाचा तरी खरा आयफोन मागून घ्याच.

आणि कृपा करून मराठी मजकुराला लेटर-स्पेसिंग देऊ नका, शिरोरेषा तुटते. ‘सर्वांसाठी’ असे शीर्षक तिन्ही इंजिनांत पाहा. ओळीची उंची कमी पडली तर रफार आणि अनुस्वार वरून कापले जाऊ शकतात.