सावली आधी, आकडा नंतर

पोरांनो, वही नंतर उघडा. आधी सांगा, थर्मामीटर कुणाचं तापमान दाखवतो? हवेचं? अंहं, स्वतःचं. उन्हात धरलात तर तापलेल्या काचेचं, मुठीत धरलात तर तुमच्या बोटांचं. इतकी वर्षं पुण्यात मुलांना घेऊन कॉलेजचं आवार पालथं घातलं, निम्म्या चुका इथेच सापडल्या.

हवेला सावली हवी आणि खेळता वाराही. वेधशाळेची ती पांढरी, झडपांची पेटी पाहिलीत ना, स्टीव्हन्सन स्क्रीन? जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असते, दार उत्तरेकडे. पेटी नसेल तर छत्री चालेल. स्वतःच आडोसा होऊन उभे राहू नका, अंगाची ऊब लागते. आधी दशांश वाचा, मग पूर्ण अंश. तुमच्या श्वासानं पारा सरकायच्या आत बारीक आकडा पकडायचा. आणि सगळे थर्मामीटर एकदा बर्फाच्या ओल्या चुऱ्यात बुडवा. शून्य न दाखवणारा कोण ते लिहून ठेवा.

माती मात्र उशिरा ऐकते. हवा अडीच-तीनला सर्वांत तापते. दहा सेंटिमीटर खाली ती ऊब पोचेपर्यंत संध्याकाळ होते, तीसवर तर रात्र. तेव्हा दुपारची एकच फेरी मारून ‘माती थंड’ असं लिहू नका. पाच, दहा, वीस सेंटिमीटर, तिन्ही खोल्या घ्या. मे महिन्यात काळी माती दगड झालेली असते. थर्मामीटर खुपसलात तर फुटलाच. आधी सळईनं भोक पाडा, मग तो आत सोडा, कडेची माती दाबा, पाच मिनिटं थांबा. आयती भेग बघून त्यात घालू नका, हवाच मोजाल. वडाखालचा पाचोळाही सारू नका. ते मातीचं पांघरूण आहे.

एकदा हिरवळीवरची माती आठवडाभर भलतीच थंड लागली. मी वर्गात झोकात कारणमीमांसा केली. मग कळलं, माळीकाका रोज पहाटे पाणी सोडत होते! उन्हाची बरीच ऊब ते पाणी वाळवण्यातच जात होती. तेव्हापासून वहीत एक रकाना वाढला: पाणी कधी दिलं. माळ्याशी ओळख ठेवा.

आता डिसेंबरात, आभाळ निरभ्र असेल त्या दिवशी, सूर्य उगवायच्या आधी या. एक थर्मामीटर गवतावर आडवा ठेवा, दुसरा चार फूट उंचीवर. गवतावरचा बहुधा कमी दाखवेल. बिघडला म्हणून माझ्याकडे परत आणू नका. दोघांची अदलाबदल करून बघा. आणि थर्मासात चहा आणा, मीही येतो.