पुन्हा पुन्हा उगवणारे फोल्डर

माझ्या उबुंटू संगणकावरील ‘टेम्प्लेट्स’, ‘पब्लिक’ हे बिनकामाचे फोल्डर मी तीनदा पुसले; पुन्हा लॉगिन केले की स्वारी हजर! तिसऱ्या खेपेस घाईत ‘डॉक्युमेंट्स’मधील निबंधाची टिपणेही गेली. चूक माझीच. ‘.कॉन्फिग’मधील ‘यूजर-डर्स.डर्स’ ही यादी मी दरवेळी कचरा समजून पुसत असे. लॉगिनच्या वेळी एक छोटा प्रोग्रॅम ती यादी पाहतो. नसल्यास मूळ नमुन्यावरून यादी नि फोल्डर दोन्ही नव्याने करतो. यादी राखून नुसता फोल्डर पुसला, तर तेवढी ओळ तो होम फोल्डरकडे वळवतो. ‘डेस्कटॉप’ मात्र पुसू नये. होममधला सारा पसारा पडद्यावर येऊ शकतो. प्रोग्रॅमच थांबवायचा असल्यास ‘यूजर-डर्स.कॉन्फ’मध्ये ‘एनेबल्ड=फॉल्स’ लिहावे, अक्षरे अर्थातच रोमन.