जुन्या डिझेल मालमोटारीची मंदावलेली शक्ती

तंजावर हे नाव मराठी वाचकास भोसले राजांमुळे आणि सरस्वती महाल ग्रंथालयामुळे परिचित आहे. परंतु तामिळनाडूत ते प्रथम भाताचे कोठार म्हणून ओळखले जाते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील या सपाट भूमीत कुरुवै नावाचे अल्पमुदतीचे भातपीक सप्टेंबर-ऑक्टोबरात कापणीस येते आणि त्याच सुमारास ईशान्य मोसमी पावसास आरंभ होतो. सरकारी खरेदीच्या सर्वसाधारण निकषाप्रमाणे भातातील ओलावा १७ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. मळलेले धान्य उघड्यावर भिजत राहिले तर त्यास कोंब फुटतात. म्हणून या दिवसांत खेड्यातून भात वाहून नेणारी मालमोटार अर्ध्या वाटेत थांबली, तर तिच्या चालकाप्रमाणेच शेतकऱ्याचेही नुकसान होते.

अशा जुन्या गाडीची तक्रार बहुधा एकाच नमुन्याची असते. अरुंद पुलावर वेग कमी केला की इंजिन अडखळते आणि बंद पडते. आणि माल भरला असता कालव्याच्या बांधावरील लहानसा चढही तिला जड जातो. अनेक ठिकाणी यावर एकच उपाय केला जातो, तो म्हणजे इंजेक्शन पंप उतरवून दुरुस्तीस पाठविणे. हा उपाय खर्चाचा आहे आणि पुष्कळदा अनाठायी ठरतो. दोष कोठे आहे हे ओळखण्यासाठी प्रथम इंजिनाचे काम कसे चालते हे ध्यानात घेतले पाहिजे.

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वी झाले. त्यात ठिणगीची योजना नाही. दट्ट्या हवेस सुमारे सोळा-सतरापट दाबतो, त्यामुळे ती अत्यंत तप्त होते, आणि तीत फवारलेले तेल आपोआप पेट घेते. हे तेल मोजून, योग्य क्षणी आणि प्रचंड दाबाने सोडणारा पंप रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९२७ पासून मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला. भारतात अशा पंपांची निर्मिती बंगळूरच्या मायको कारखान्याने केली. त्याची स्थापना १९५१ ची.

पंपाचे काम किती नाजूक आहे हे साध्या गणिताने कळते. सहा सिलिंडरांचे इंजिन मिनिटास ६०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरात दोन फेऱ्यांमागे एकदा, म्हणजे एकंदर मिनिटास १,८०० वेळा तेल फवारले जाते. समजा, गाडी उभी असताना तासास एक लिटर तेल जळते. मग एका फवाऱ्याच्या वाट्यास दहा घनमिलिमीटरहूनही कमी तेल येते. ते एका थेंबाइतकेही नसते. या मापात हवेचा लहानसा बुडबुडा शिरला तर पंपाचा दट्ट्या हवाच दाबीत राहतो, नोझल उघडत नाही आणि इंजिन मंद वेगात बंद पडते. भरल्या गाडीस मात्र तेल कित्येक पट अधिक लागते. तेथे तुंबलेला फिल्टर पुरेसे तेल येऊ देत नाही आणि शक्ती कमी पडते. अशा रीतीने दोन वेगळ्या दिसणाऱ्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा एकाच ठिकाणी, टाकी ते पंप या मार्गात, असते.

दुसरे सरफोजी महाराज (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी नेत्ररुग्णांच्या लक्षणांच्या नोंदी चित्रांसह करवून ठेविल्या होत्या. यंत्राच्या बाबतीतही प्रथम लक्षण पाहावे, आणि येथे प्रमुख लक्षण म्हणजे धूर. शक्ती कमी आणि धूर काळा असेल, तर तेलाच्या मानाने हवा अपुरी आहे, किंवा नोझल नीट फवारीत नाही. कापणीच्या दिवसांत भाताचा भुसा व धूळ एअर क्लीनरमध्ये साठते, म्हणून तो प्रथम उघडावा. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत असेल, तर तेल न जळता बाहेर पडत आहे. फवारणीची वेळ चुकली आहे किंवा सिलिंडरातील दाब गेला आहे. निळा धूर वंगण जळत असल्याचे दर्शवितो. आणि शक्ती कमी असूनही धूर जवळजवळ नसेल, तर इंजिनास तेलच पोहोचत नाही असे समजावे.

या शेवटच्या अवस्थेत टाकीपासून आरंभ करावा. टाकीच्या झाकणातील बारीक छिद्र चिखलाने बुजले, किंवा हरवलेल्या झाकणाऐवजी प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली, तर तेल उपसले जाते तसतशी आत पोकळी निर्माण होते आणि काही मैलांनंतर इंजिन थांबते. झाकण सैल करताच हवा आत शिरल्याचा आवाज येतो. टाकीच्या तळाशी दमट हवेतील बाष्पाचे पाणी साचते. तेही काढून टाकावे.

टाकी व फीड पंप यांमधील नळी विशेष फसवी असते. तीत तेल ओढले जाते. त्यामुळे रबरी नळीस चीर पडली किंवा तांब्याचा वॉशर झिजला, तरी तेल बाहेर गळतेच असे नाही, उलट हवा आत शिरते. कोरडी व स्वच्छ दिसणारी नळी म्हणूनच निर्दोष मानू नये. परीक्षा सोपी आहे. स्वच्छ डिझेलचा डबा उंचावर घट्ट बसवून त्यातून दुसऱ्या नळीने फीड पंपास तेल द्यावे आणि हातपंपाने मार्गातील हवा काढावी. इंजिन सुरळीत चालले तर दोष टाकीत किंवा तिच्या नळीत आहे. न चालल्यास फिल्टर बदलावे, आणि इंजेक्शन पंपावरील जादा तेल परत सोडणारी झडप पाहावी. तिची स्प्रिंग ढिली झाली की पंपात आवश्यक दाब टिकत नाही. अशा वेळी कित्येक फिटर स्क्रू फिरवून केवळ मंद वेग वाढवितात. गाडी बंद पडत नाही, पण चढावरची दुर्बलता तशीच राहते आणि खरा दोष झाकला जातो.

इंजिनापलीकडेही दृष्टी टाकावी. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी पंपावरील दांडा शेवटपर्यंत जात नसेल, किंवा ब्रेक चाकास घासत असेल, तर निरोगी इंजिनही अशक्त भासते. ब्रेक न लावता काही अंतर गेल्यावर एखादे चाक इतरांहून अधिक तापले असेल, तर शंकेस जागा उरत नाही.

सिलिंडरांची तुलना करण्यासाठी इंजिन मंद चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट किंचित सैल करतात. ज्या सिलिंडराचा नट सैल करूनही वेग उतरत नाही, तो मुळातच काम करीत नाही. ही परीक्षा अनुभवी माणसानेच, हात व डोळे दूर ठेवून करावी. तेलाची बारीक धार त्वचा भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, परंतु त्वरित शस्त्रक्रिया न झाल्यास बोट गमावण्याची वेळ येते. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या गाड्यांत दाब हजार वातावरणांहून अधिक असल्याने तेथे ही परीक्षा कधीही करू नये.

एवढे सारे निर्दोष आढळले तरच पंप उतरवून चाचणीयंत्रावर न्यावा.