संगीत-सर्व्हरची निवड

संगीत-सर्व्हर म्हणजे गाण्यांच्या फायली सांठवून त्या ॲम्प्लिफायरकडे पोंचविणारा लहानसा संगणक होय. त्याच्या झगमगाटास भुलूं नये. आवाजाचा गोडवा बव्हंशीं स्पीकरांवरच ठरतो. सीडीवर सेकंदास ४४,१०० नमुने असतात. तासाभराच्या गायनास सुमारें ६३५ मेगाबाइट जागा लागते. २००१ सालीं आलेली फ्लॅक-पद्धति कांहींएक न गाळतां ती बरीच कमी करते. एमपी-३ मध्यें गाळलेला अंश मात्र परत मिळत नाहीं. आमच्या घरीं एकच डिस्क होती. ती बंद पडली, आणि कॅसेटवरून उतरविलेलीं आजोबांचीं भजनें तिच्याबरोबर गेलीं. कॅसेट तर आधींच खराब झाली होती. आतां दुकानांत आम्ही पहिला प्रश्न हाच करतों, कीं दुसऱ्या डिस्कवर आपोआप प्रत निघते काय?