जपानी पटाशीच्या सहवासात

१. जपानी पटाशी बहुतेक सगळी मऊ लोखंडाचीच असते, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो. कडक पोलाद असतं ते फक्त एका बाजूला, पातळ थरापुरतं. टाकणखार आणि लोखंडाचा कीस घालून, तापवून, हातोड्याने लोहार दोन्ही सांधतो. एवढं कडक पोलाद एकटं असतं तर ठोक्यांनी तुटलं असतं. मागचं लोखंड ते ठोके पचवतं. शिवाय सहाणेवर लोखंड भराभर झिजतं, म्हणून धारही लवकर लागते. पात्याच्या कडेला चकचकीत आणि मंद अशा दोन छटा दिसतात. काम सुरू करण्याआधी मी त्या बघतोच.

२. जुन्या लोखंडाला इतका मान असेल, असं वाटलं नव्हतं. जहाजांच्या नांगरांच्या साखळ्या, मोडलेले पूल यांतलं लोखंड हे लोहार जपून ठेवत. त्यात कर्ब फार कमी असतो, त्यामुळे पाणी दिलं तरी ते मऊच राहतं. नव्या कारखान्यांतून तसं लोखंड आता येत नाही.

३. पात्याची पाठ, म्हणजे पोलादाची बाजू, मधोमध खोलगट असते. सहाणेला पोलाद कमी टेकतं आणि पाठ पटकन सपाट होते. बस्स, एवढंच कारण. पण हे ज्याला सुचलं, त्याला माझा नमस्कार.

४. तलवारीचा हात पटाशीवर चालला, ही गोष्ट मला सर्वांत भिडते. 1876 मध्ये जपान सरकारने तलवार बाळगून फिरण्यावर बंदी घातली आणि तलवारी घडवणाऱ्यांच्या पोटावरच पाय आला. त्या परंपरेत वाढलेले चियोझुरु कोरेहिदे (1874–1957) तोक्योत सुतारांसाठी रंध्याची पाती आणि पटाश्या घडवू लागले. सुतार आजही त्यांचं नाव आदराने घेतात. हत्यार रोज हाताळणाऱ्यांनी दिलेला हा मान मला सर्वांत मोठा वाटतो.

५. लोहार थोडं काम आपल्यासाठी ठेवतो. नव्या पटाशीच्या मुठीवरची कडी बरेचदा सैल असते. ती काढायची, लाकडाचं टोक ठोकून दाबायचं, कडी पुन्हा बसवायची, मग वर आलेले तंतू तिच्यावर वळवायचे. कुणाकडून करून घेऊ नका, स्वतः करा.

६. मिकी, सांजो, योइता ही या लोहारांची गावं. तिथवर जाणं जमलं नाही, तरी कोबेचं ताकेनाका सुतारी-हत्यार संग्रहालय जरूर बघा. शिन-कोबे स्टेशनावरून चालत जाता येतं.