सिंहमाशाचा काटा आणि तापमापी

समुद्रातले मासे घरी पाळायचे तर टाकीतल्या दर लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार लागतात. अशा टाकीतला एक देखणा पण विषारी मासा म्हणजे सिंहमासा, अर्थात लायनफिश. त्याच्या पाठीवर १३ आणि पोटाच्या बाजूला ५ असे १८ विषारी काटे असतात.

नाग दंश करताना स्वतः विष दाबून आत सोडतो. सिंहमाशापाशी ती सोय नाही. त्याच्या काट्याला दोन खाचा असतात. खाचांत विषग्रंथी आणि त्यांवर त्वचेचे पातळ आवरण असते. काटा रुतला की आवरण मागे सरकते, ग्रंथी दबतात आणि विष जखमेत उतरते. म्हणजे दाब आपल्याच हाताचा! टाकी साफ करताना बेसावधपणे हात घालणाऱ्यालाच बहुधा काटा लागतो.

मग असह्य कळा येतात. त्यांवर प्रथमोपचार म्हणजे सुमारे ४५ अंश सेल्सियसचे पाणी. त्यात हात ३० ते ९० मिनिटे बुडवून ठेवतात. असे का? हे विष प्रथिनांचे असते. अंडे उकडले की त्यातला पांढरा भाग घट्ट होतो, कारण उष्णतेने प्रथिनांच्या रेणूंची घडण मोडते. विषाचेही तसेच होते, तेही कमी तापमानाला.

मात्र पाणी याहून गरम असेल तर त्वचा भाजेल, आणि दुखऱ्या हाताला ते उमगणार नाही. म्हणून पाणी तापमापीनेच मोजावे. ताप पाहण्याची घरातली काचेची तापमापी येथे निरुपयोगी, कारण तिची पट्टी ४२ अंशांनाच संपते. प्रयोगशाळेतली तापमापी टाकीशेजारी हवी. आणि प्रथमोपचारानंतर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे.