तेलाची गाळणी पारखताना

मोटारींच्या प्रारंभीच्या काळात इंजिनातील वंगणतेल गाळण्याची म्हणावी तशी सोयच नव्हती. पंपाच्या तोंडाशी तारेची एक जाळी असे, इतकेच. १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड व जॉर्ज ग्रीनहाल्ग यांनी गाळणी तयार केली व तिला 'प्युरोलेटर' हे नाव दिले. 'प्युअर ऑइल लेटर', म्हणजे 'पुढे शुद्ध तेल', या शब्दांचा तो संक्षेप होय.

आजची गाळणी म्हणजे पत्र्याचा एक डबा. त्यात राळेत भिजवून कडक केलेला कागद घड्या घालून बसवलेला असतो. बेअरिंगमधील तेलाचा थर काही मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश भागाइतकाच असतो. साहजिकच, डोळ्यांना न दिसणारा कणही धातूला ओरखडा काढू शकतो. मग जितकी सूक्ष्म गाळणी तितकी उत्तम, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ते तितकेसे खरे नाही. छिद्रे फार बारीक आणि कागद अपुरा असला, तर तो लवकर तुंबतो. तेलाचा पुरवठा अजिबात थांबू नये म्हणून अशा वेळी एक झडप उघडते आणि न गाळलेले तेल सरळ इंजिनात जाते. या झडपेची कमान दुबळी असली, तर ती अकारणच उघडी राहते. काही इंजिनांत ही झडप गाळणीत नसून इंजिनातच असते. तेव्हा डबा नुसता आकाराने जुळला म्हणून भागत नाही.

व्हॅनच्या मालकाने हे विशेष ध्यानात घ्यावे. १९८४ साली बाजारात आलेली आणि २०१९ पर्यंत बनत राहिलेली मारुतीची व्हॅन घेऊ. तिचे ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन पुढच्या आसनांखाली आहे. शाळेच्या मुलांची ने-आण करणारी अशी गाडी दिवसभर थोडे अंतर जाते, थांबते, पुन्हा सुरू होते. अशा वापरात तेल लवकर खराब होते. म्हणूनच उत्पादक अशा कष्टाच्या वापरासाठी तेल व गाळणी बदलण्याची मुदत कमी सांगतात.

इंजिन थांबल्यावर गाळणीतील तेल खाली ओघळू नये म्हणून आत एक रबरी पडदा असतो. हलके रबर उष्णतेने कडक होते. मग सकाळी इंजिन सुरू करताच क्षणभर खडखड ऐकू येते, आणि ते क्षण बेअरिंगना कोरडे काढावे लागतात.

सर्वांत मोठा धोका मात्र आट्यांचा आहे. पाऊण इंची आटे आणि २० मिलिमीटरचे आटे यांत एका मिलिमीटरपेक्षाही कमी फरक असतो. पाऊण इंची नळीवर २० मिलिमीटरची गाळणी चढते, घट्ट बसल्यासारखीही वाटते, आणि पुढे तेलाच्या दाबाने निसटू शकते. सगळे तेल रस्त्यावर सांडते, आणि चालकाने तत्काळ इंजिन बंद न केल्यास ते जाम होते. म्हणून डब्याचा रंग किंवा दुकानदाराचे 'चालेल हो' यांवर न विसंबता गाडीच्या पुस्तिकेतील क्रमांक ताडून पाहावा.

जुन्या गाळणीचे रबरी कडे कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. ते काढल्यावाचून नवी गाळणी बसवू नये. नव्या कड्याला तेलाचा हात लावावा, आणि ते टेकल्यावर डब्यावर वेगळी सूचना नसल्यास हाताने साधारण पाऊण फेरा द्यावा. उतरलेली गाळणी कापून पाहणारे मिस्त्रीही असतात. घड्या एकमेकींना चिकटलेल्या किंवा कागद टोकाशी सुटलेला आढळला, तर त्या बनावटीची गाळणी पुन्हा घेऊ नये. कापताना करवत मात्र वापरू नये. तिचा लोखंडी भुसा घड्यांत पडतो आणि इंजिनच झिजले असा उगाच भ्रम होतो.